सात की एक

कॉन ट्रेसीला मी पन्नास वर्षांहून जास्त ओळखत होते आणि त्यातली निम्मी वर्षं तरी त्याच्यावर रागावलेली होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या किलड्रीनात मेलेल्या माणसाइतका चांगला माणूस दुसरा कुणी नसतो. त्याच्या अंत्ययात्रेला सहाशेच्या वर माणसं होती. जिवंतपणी ज्यांनी त्याला रस्त्यातल्या खड्ड्यांवरून आणि तुंबलेल्या गटारांवरून शिव्या घातल्या, तीच माणसं डोळे पुसत होती. मीही पुसत होते. पण माझं कारण वेगळं होतं आणि ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

मी डिलिया. इथल्या पोस्टात एकतीस वर्षं काढली, पोस्ट बंद पडेपर्यंत. गावच्या हर्लिंग क्लबची, म्हणजे लाकडी काठीनं चेंडू मारायच्या आमच्या खेळाच्या क्लबची, सेक्रेटरीही मीच होते, कारण क्लबातल्या एकाही पुरुषाचं अक्षर धड नव्हतं.

कॉनचं घर आणि फिंटन कॉर्कोरनचं घर समोरासमोर, मधे फक्त रस्ता. कॉन दोन वर्षांनी मोठा. शाळेतून आले की दोघं दप्तरं फाटकावर टाकून डेअरीच्या भिंतीवर चेंडू मारत बसायचे. डेअरीचा मॅनेजर खिडकीतून ओरडायचा, "अरे, दूध नासेल तुमच्या ठोक्यांनी!" फिंटनचा बाप मागच्या पडवीत ॲश झाडाच्या बुंध्यातून हर्ल्या, म्हणजे खेळायच्या काठ्या, घडवायचा. सगळ्या परिसरात त्याच्या हातच्या काठीला मान होता. त्यानं कॉनला शेवटपर्यंत हर्ली करून दिली. "एक माझ्या पोराला, एक त्याच्या सावलीला," असं म्हणायचा. सावली कोण आणि पोरगा कोण, यावरून त्या दोघांचं कधी वाजलं नाही.

कॉन मोठा खेळाडू झाला. सात नंबरची जर्सी, डाव्या बाजूचा बचाव. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, संघात आठ वर्षं होता, राजधानीतल्या क्रोक पार्कच्या मैदानावर दोनदा उपांत्य सामना खेळला आणि दोन्ही वेळा हरून आला. दोन बोटं कायमची वाकडी, नाक दोनदा मोडलेलं. आठवडाभर दुधाची टँकर-लॉरी चालवायची आणि रविवारी स्वतःला फोडून घ्यायचं. फिंटनला काउंटीचं बोलावणं कधी आलं नाही. तो गावासाठी खेळला, चौदा नंबर, अगदी पुढचा. अठरा वर्षांत एक सराव चुकवला नाही. कॉनचा गुडघा चौतिसाव्या वर्षी गेला. दोन वर्षांनी तो गावच्या संघाचा मॅनेजर झाला, तेव्हा सगळ्यात आधी कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली असेल तर ती फिंटननं.

आमच्या गावानं काउंटीची स्पर्धा एकसष्ट वर्षांत जिंकलेली नव्हती. अठ्ठ्याऐंशीच्या ऑक्टोबरात आम्ही अंतिम सामन्यात पोचलो, समोर बॅलिनूर. फिंटन छत्तीस वर्षांचा. हे त्याचं शेवटचं वर्ष, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आदल्या संध्याकाळी मी जर्सी वाटत फिरत होते. कॉर्कोरनच्या स्वयंपाकघरात पोचले, तर कॉन आधीच टेबलाशी बसून ॲपल टार्टचा दुसरा तुकडा खात होता. फिंटनच्या आईनं मलाही चहा ओतला. फिंटन उभाच होता, पाठ शेगडीला लावून.

"कॉन, एक मागू का?" तो म्हणाला.

"टार्ट सोडून काहीही माग."

"मला काढू नकोस उद्या."

"कोण काढतंय तुला?"

"माझा पाय मंदावलाय. तुला दिसतंय, मला दिसतंय. वाईट खेळलो तर दहा शिव्या दे. पण शेवटची शिट्टी वाजेल तेव्हा मला मैदानात असू दे. अठरा वर्षं झाली रे. एवढंच."

कॉननं बशी बाजूला सारली, उठला आणि हात पुढे केला. "शिट्टी वाजेल तेव्हा तू मैदानात असशील. माझा शब्द." फिंटनच्या आईनं दोघांच्या हातांवर आपला ओला हात ठेवला. मी जर्सींची घडी घालत होते आणि मला आपलं उगीच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सामन्याची आठ मिनिटं उरली होती आणि आम्ही एका गुणानं मागे होतो. फिंटनच्या हातून दोन चेंडू सुटले होते. बॅलिनूरचा बचावपटू त्याच्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान, दर वेळी आधी पोचत होता. बदली खेळाडू आत पाठवायचा तर रेफरीला चिठ्ठी द्यावी लागते आणि चिठ्ठ्यांचं पॅड माझ्याकडे असायचं. कॉन माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"लिही. चौदा बाहेर, बावीस आत."

"कॉन, काल तू त्याला..."

"लिही, डिलिया."

मी लिहिलं. स्वच्छ, सुवाच्य अक्षरात.

आमच्याकडे खेळाडूला बाहेर घेतलं की रेडिओवाले म्हणतात, त्याला काठावर बोलावलं. जणू माणूस आतापर्यंत पाण्यात होता. तसंच म्हणाले ते. फिंटनला आधी वाटलं दुसऱ्याच कुणाला बोलावलं असेल. त्यानं मागे वळून पाहिलं. मग चालत बाहेर आला, वाकला आणि आपली हर्ली कॉनच्या पायाशी ठेवली. फेकली नाही, ठेवली. कॉननं त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याचे डोळे मैदानावर होते. पण त्याला काही दिसत असेल असं मला वाटत नाही.

बावीस नंबरचा डेक्लन एकोणीस वर्षांचा होता. त्यानं आत जाऊन दोन गुण मारले. आम्ही एका गुणानं जिंकलो. म्हणजे कॉनचं बरोबर होतं. हेच तर वाईट झालं. चुकलं असतं तर माफी मागता आली असती. बरोबर असलेल्या माणसानं माफी कशाची मागायची?

शिट्टी वाजली तेव्हा फिंटन कपडे बदलून रस्त्याला लागलेला होता. गाव नऊ मैल. चषक घेऊन निघालेल्या आमच्या बसनं त्याला वाटेत गाठलं. आत गाणी चालली होती, ती एकदम थांबली. कॉननं ड्रायव्हरला हळू घ्यायला लावलं आणि दारात उभा राहून म्हणाला, "फिंटन, चढ. चढ रे." बस माणसाच्या चालीनं चालत होती आणि फिंटन पुढे बघत चालत होता. असं अर्धा मैल तरी झालं. मग मागच्या मोटारी हॉर्न वाजवायला लागल्या आणि आम्ही पुढे गेलो. चौकात शेकोट्या पेटल्या होत्या. कॉनला खांद्यावर घेतलं. मी त्याच्याकडे बघत होते. इतका एकटा माणूस मी कुणाच्या खांद्यावर बसलेला पाहिला नाही.

फिंटननं पदक घेतलं नाही. जानेवारीत तो जर्मनीला गेला, स्टुटगार्टला, इमारतींच्या कामावर. दहा वर्षं तिकडे राहिला. आईला पत्रं यायची ती माझ्या हातूनच जायची. तिकडे गेल्यावर त्याचे आकडे बदलले. आमच्याकडे एक म्हणजे नुसती उभी काठी. जर्मन लोक त्या काठीच्या डोक्याला डावीकडे लांब उतरती शेपटी लावतात आणि सातच्या कमरेला आडवी रेघ मारतात. त्यानं पहिल्या महिन्यात आपल्या पद्धतीनं मापं लिहिली, मुकादमाला ती वाचता आली नाहीत आणि गाडीभर फळ्या चुकीच्या कापल्या गेल्या. तेव्हापासून त्याचा एक तसा झाला तो झालाच. आई गेल्यावर तो परत आला, घराला रंग दिला, एकटा राहायला लागला. पोस्टात फॉर्म भरून द्यायचा तेव्हा मी दर वेळी विचारायचे:

"फिंटन, हा एक आहे की सात?"

"सातला कंबरपट्टा असतो, डिलिया. हा बिनपट्ट्याचा. एक."

"इथे राहायचं तर इथल्यासारखं लिही ना बाबा."

"तू आहेस की वाचायला," म्हणायचा आणि टोपी घालून निघून जायचा.

या मधल्या काळात कॉन कौन्सिलर झाला होता. एक्क्याण्णवची निवडणूक त्यानं नुसत्या चषकावर जिंकली. प्रचार म्हणजे काय, दुधाच्या लॉरीतून खाली उतरायचं आणि वाकडी बोटं पुढे करायची. पुढे मात्र त्यानं काम केलं, ते कबूल करायला हवं. कुणाच्या म्हातारीला इस्पितळात खाट, कुणाच्या दाराशी दिवा, शाळेसमोर फूटपाथ. लोक त्याला चर्चच्या दारात गाठायचे, मयताच्या घरी गाठायचे. त्याची बायको ब्रेडा म्हणायची, "आमच्याकडे जेवणाच्या ताटावर फोन असतो आणि बटाटे गार होतात." गाव करील ते राव काय करील हे खरं, पण आमच्या गावाला सगळं रावानंच करून हवं असायचं.

एकाच घरी त्यानं कधी मत मागितलं नाही. दर निवडणुकीत तो गावातलं प्रत्येक दार ठोठावायचा, कुत्री अंगावर येणारी दारंसुद्धा. फिंटनच्या फाटकाशी आला की थांबायचा, कडीकडे बघायचा आणि रस्ता ओलांडून आपल्या घरी जायचा. रविवारी प्रार्थनेत फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या, आणि सगळे शेजाऱ्यापाजाऱ्यांशी हात मिळवतात. कॉन चौथ्या बाकावर, फिंटन पाचव्या. कॉन दर रविवारी मागे वळायचा, हात अर्धा पुढे करून. दर रविवारी फिंटन डोळे मिटून ओठ हलवत असायचा. कॉन तोच हात मग बाजूच्या कुणाला तरी द्यायचा. दहा वर्षं हे असंच चाललं आणि आम्ही सगळे बघत होतो.

मतमोजणीला कॉनच्या बाजूनं टॅली मी करायचे. पेटी उघडून कागद उलगडले जातात तेव्हा कठड्याशी उभं राहून कुणाला किती ते टिपायचं, त्याला आम्ही टॅली म्हणतो. संध्याकाळपर्यंत कुठल्या गल्लीनं काय केलं हे आम्हाला अधिकाऱ्यांच्या आधी कळतं. आमच्याकडे मत म्हणजे नावांपुढे आकडे: आवडत्याला एक, मग दोन, मग तीन, मनाला येईल तिथवर. एक नसेल तर बाकीच्या आकड्यांना काडीची किंमत नाही. फिंटन परतल्यानंतरच्या दोन्ही निवडणुकांत आमची पेटी संपली की कॉन माझ्या कानाशी यायचा. किती मतं पडली हे विचारायचा नाही.

"फिंटनचं?"

"मी काय देव आहे का?" मी म्हणायचे.

"तू पोस्टातली आहेस. तुला अक्षर कळतं."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, कॉन. चल, चहा घे."

मला खरंच दिसलेलं नसायचं. चारशे कागद, अर्ध्या मिनिटाला मूठभर. पण तो विचारायचा आणि उत्तर ऐकून मान हलवायचा. खुर्चीपेक्षा त्याला ते एक मत जास्त हवं होतं. ब्रेडानं मला एकदा सांगितलं, "झोपेतसुद्धा बडबडतो गं. चढ रे, चढ, असं."

मग माझं पोस्ट बंद झालं. कॉननं सभागृहात सगळ्यांसमोर छाती ठोकून सांगितलं होतं, "मी असेपर्यंत डिलियाच्या खिडकीला कुलूप लागणार नाही." लागलं. दोष त्याचा नव्हता, वरून हुकूम आला होता. पण मग बोललाच कशाला? शेवटच्या दिवशी मी शिक्का फडक्यात गुंडाळून दिला, तेव्हा हा दुसऱ्या गावच्या पुलाचं उद्घाटन करत होता. मी त्याच्याशी वर्षभर बोलले नाही. शब्द देणं आणि मोडणं ही त्याची जुनीच खोड, असंही चारचौघांत म्हणाले. ते त्याच्या कानावर गेलं असणारच.

तरी दोन हजार नऊच्या जूनमध्ये टॅलीला मीच गेले. दुसरं होतं कोण? आणि खोटं कशाला बोलू, मला कठड्याशी उभं राहायला आवडतं.

शनिवार होता. काउंटीच्या मुख्य गावातल्या क्रीडागृहात टेबलं मांडलेली. साडेदहाला आमची पेटी उलटी केली. वर्ष वाईट होतं, लोक चिडलेले होते, कॉनच्या नावापुढे एकचे आकडे कमी पडत होते हे लगेच दिसलं. मी पेन्सिलीनं रेघा मारत होते. आणि मग मोजणाऱ्या मुलीनं एक कागद उलगडला.

सगळा कागद कोरा. फक्त ट्रेसीच्या नावापुढे एक आकडा. उभी काठी आणि तिच्या डोक्यावरून डावीकडे उतरणारी शेपटी, लांब, ठासून काढलेली. कमरेला पट्टा नाही.

माझी पेन्सिल थांबली. त्या अक्षरावर मी नऊ वर्षं शिक्के मारले होते. मुलीनं कागद उलटसुलट केला, कपाळाला आठ्या घातल्या आणि शंकेच्या ट्रेमध्ये टाकला.

दुपारी शंकेचे कागद बघायला घेतले. निवडणूक अधिकारी मधे बसला, उमेदवारांची माणसं भोवती. कॉनच्या बाजूनं वकील ओडे होता. कॉन स्वतःही येऊन उभा राहिला. मी कठड्याच्या अलीकडे, चार हातांवर.

"हा सात आहे," अधिकारी म्हणाला. "पहिली पसंती नाही. बाद."

"तो एक असू शकतो, साहेब," ओडे म्हणाला. "शेपटीचा एक काढतात काही लोक."

"कोण काढतं इथे असा?"

कॉननं खिशातून चष्मा काढला, नाकावर चढवला, कागदावर वाकला. आणि हसला. कित्येक महिन्यांत तो तसा हसला नव्हता.

"सातच आहे की! अहो, माझ्या जर्सीचा नंबर हा. कुणातरी भाबड्या म्हाताऱ्याला वाटलं, कॉन ट्रेसी म्हणजे सात."

"कॉन, तोंड बंद ठेव," ओडे दात खाऊन म्हणाला.

"अरे, पण सात आहे तर सातच म्हणणार ना! असू दे. बाद झालं तरी चालेल. आठवण आहे कुणाला तरी."

अधिकाऱ्यानं कागद बादच्या गठ्ठ्यात घातला.

माझं तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. मग मी ते मिटलं. आत जाताना मतं गुप्त ठेवण्याच्या कागदावर सही केली होती, हे एक. सगळ्यांसमोर फिंटनचं नाव घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते काउंटीभर झालं असतं, हे दुसरं. ही दोन्ही कारणं खरी आहेत. पण तिसरंही होतं. मला माझ्या खिडकीचं कुलूप आठवलं. म्हटलं, आठवडाभर कुढू दे याला. मग सांगीन. असं मी मनात म्हणाले, याच शब्दांत.

शेवटच्या फेरीत कॉन अकरा मतांनी पडला. म्हणजे त्या एका मतानं निकाल फिरला नसता. हे मी स्वतःला खूपदा सांगून पाहिलं आहे.

बाहेर मोटारींपाशी तो एकटाच उभा होता. ब्रेडा गाडीत बसली होती. माझ्याकडे आला, हात खिशात.

"झालं एकदाचं," म्हणाला. "आता बटाटे गरम खाईन."

"हो."

"डिलिया, पोस्टाचं... मी बोलायला नको होतं तसं."

"नव्हतंच बोलायचं."

मग हळूच, नेहमीसारखं: "फिंटनचं?"

"मी काय देव आहे का?" मी म्हणाले.

त्यानं मान हलवली, गाडीत बसला आणि गेला.

आठवड्यानंतर मी सांगणार होते. मग बहिणीकडे जाणं निघालं. मग म्हटलं, रविवारी. रविवारी तो गर्दीत होता, सगळे पडल्याबद्दल हळहळत होते, मला वाट मिळाली नाही. रोज त्या रस्त्यानं जात होते. फिंटनचं फाटक सताड उघडं दिसायचं. इतक्या वर्षांत ते कधी उघडं पाहिलं नव्हतं. मला वाटलं कडी मोडली असेल.

मतमोजणीनंतर अठराव्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, कॉन मैदानावर बारा वर्षांखालच्या मुलांचा सराव बघत रेघेशी बाकावर बसला होता. मुलं म्हणाली, तो ओरडायचा थांबला म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. हृदय बंद पडलं होतं. काठावर बोलावलं त्याला, असं लोक म्हणाले. आमच्याकडे तेही तसंच म्हणतात.

त्याला घरी आणून पुढच्या खोलीत ठेवलं होतं. सात नंबरची जर्सी पायाशी. मी स्वयंपाकघरात सँडविचेस कापत होते, किटली तिसऱ्यांदा चढवली होती. आणि एकदम पुढच्या खोलीतलं बोलणं बंद झालं. मी दारातून डोकावले. फिंटन आला होता. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं तो रस्ता ओलांडला होता. काळा कोट, केस ओले करून बसवलेले. लोक बाजूला झाले. तो शवपेटीपाशी गेला आणि कॉनच्या जपमाळ गुंडाळलेल्या हातांवर आपला हात ठेवून उभा राहिला. कॉनची वाकडी बोटं सरळ करायचा प्रयत्न करत असल्यासारखा त्याचा अंगठा हलत होता. ब्रेडा रडायला लागली. मग सगळेच.

मग तो आत माझ्याकडे आला. मी त्याला चहा दिला. त्यानं कप घेतला, प्याला नाही.

"तू टॅलीला होतीस ना?"

"होते."

"मग सांगितलं असशील त्याला."

"काय?"

"काय म्हणजे? अगं, मुद्दाम तसा काढला ना मी एक. शेपटीसकट. दुसरा आकडाच घातला नाही कागदावर. म्हटलं, डिलिया कठड्याशी असणार, तिच्या नजरेतून सुटायचा नाही." तो खाली बघत बोलत होता. "मला तोंडानं जमलं नसतं. फार वर्षं झाली होती. रविवारी तो मागे वळायचा ना, मला घाम फुटायचा. डोळे उघडले तर रडेन म्हणून मिटून बसायचो. तेव्हा म्हटलं, कागदावर लिहू. तुझ्या हातून जाईल. तुझ्या हातून माझं एक पत्र कधी चुकलं नाही."

मी सुरी खाली ठेवली.

"काय म्हणाला तो?"

"त्यानं तो कागद स्वतः पाहिला," मी म्हणाले. "चष्मा लावून. आणि हसला."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. फिंटनचा चेहरा उजळला. साठीकडे झुकलेला माणूस, पण क्षणभर मला डेअरीच्या भिंतीशी उभा असलेला मुलगा दिसला. मग त्याच्या कपाळावर आठी आली.

"मग आला का नाही?"

मी टेबलावरचे पावाचे तुकडे गोळा करायला लागले.

"अठरा दिवस मी फाटक उघडं ठेवलं, डिलिया. रात्रीसुद्धा. शेजारची मेंढरं येऊन सगळा भाजीपाला खाऊन गेली, तरी लावलं नाही. म्हटलं, त्यानं कडीला हात घालायला नको. नुसतं आत यायचं. हसला म्हणतेस, मग आला का नाही?"

तेव्हा काहीही सांगता आलं असतं. प्रकृती बरी नव्हती, म्हणता आलं असतं. उद्या येणार होता, म्हणता आलं असतं. पण मग त्याला कॉनचाच राग आला असता, तोही मेलेल्या कॉनचा, आणि तो राग उरलेल्या आयुष्यात कुठे नेऊन टाकला असता त्यानं?

"त्याला तो सात वाटला," मी म्हणाले. "जर्सीचा नंबर. कुणा म्हाताऱ्यानं चुकून लिहिला असं वाटलं. मला माहीत होतं तो तुझा आहे ते. त्यानं मला विचारलं. मी सांगितलं नाही."

"का?"

"रागावले होते. पोस्टाच्या पायी."

किटली उकळायला लागली होती. ती बंद करायलाही कुणी हललं नाही. फिंटननं माझ्याकडे बघितलं, नीट, बराच वेळ. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो वाकला आणि कप माझ्यासमोर टेबलावर ठेवला. आपटला नाही, ठेवला. मग लोकांमधून वाट काढत बाहेर गेला. मी खिडकीतून पाहिलं. त्यानं रस्ता ओलांडला, आत गेला आणि फाटकाची कडी लावली.

दुसऱ्या दिवशी त्यानं कॉनला खांदा दिला. चर्चपासून दफनभूमीपर्यंत, कुणाला बदलू दिलं नाही.

कॉनच्या बाकावर आता मी बसते. चौथ्या, फिंटनच्या पुढे. कुणी विचारलं तर सांगते की मागून फादरांचं ऐकू येत नाही. शांती द्या, असं ते म्हणाले की मी मागे वळते आणि हात पुढे करते. तो डोळे मिटून बसलेला असतो. मग मी तो हात शेजारच्या बाईला देते.